वेष्टन कशाला म्हणायचं

सकाळी चहा गाळता गाळता माझं जर्मनी बंद झालं. फोन वाजला म्हणून एका हातात गाळणं धरून दुसऱ्या हाताने बघितलं, तर मी ज्या वेबसाइटवर गोधड्या विकते तिचा निरोप: जर्मनीतल्या ग्राहकांना तुमच्या वस्तू आता दिसणार नाहीत, कारण तुमच्या वेष्टनाचा जर्मन नोंदणी क्रमांक आमच्याकडे नाही. वेष्टनाचा! गोधडीचा नाही, गोधडी शिवणाऱ्या बाईचा नाही, खोक्याचा. मी निरोप पुन्हा वाचला, तेवढ्यात चहा कपाबाहेर गेला आणि ओट्यावर पसरला. इथे जपानात, ओजिमाला आमच्या दानचीत, म्हणजे ह्या सरकारी इमारतींच्या रांगेत, माझ्यासारख्या पुष्कळ बायका आहेत. नवऱ्याच्या व्हिसाचं बोट धरून आलेल्या, पोरं मोठी झाल्यावर काहीतरी आपलं असं शोधणाऱ्या. कोणी कोम्बिनीत, कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, अर्धवेळ उभी राहते, कोणी मुलांना गणित शिकवते. मी जुन्या किमोनोंचं कापड आणते आणि त्याच्या लहान गोधड्या शिवते. त्या जपानी लोक घेत नाहीत, आपले लोक तर मुळीच घेत नाहीत, गोधडी काय विकत घ्यायची असते का म्हणतात. घेतात त्या जर्मन बायका. का घेतात देव जाणे, मला ह्याचं फार कुतूहल आहे, पण असं कुणाला विचारता येत नाही. तर जर्मनी गेलं की माझं दुकान गेलं, इतकं ते सरळ होतं. त्यातून ब्रेमेन गावच्या हाइके नावाच्या बाईची ऑर्डर आधीच घेतलेली. तिला नात होणार आहे, कधीही होईल, आणि तिची गोधडी शिवून, घडी घालून टेबलावर तयार. क्रमांक मिळाल्याशिवाय ती पाठवायची नाही. मी आधी ओटा पुसला.

संध्याकाळी देवदत्त ऑफिसातून आले, हातपाय धुतले आणि माझ्या आधी त्या निरोपामागचा जर्मन कायदाच वाचून काढला. माझ्या नवऱ्याला कुठलीही नियमावली द्या, जेवण नको म्हणतील. "अगं, चूक काहीच नाही त्यांची," ते म्हणाले. "तू त्यांच्या देशात खोकं पाठवतेस. त्या खोक्याचा कचरा त्यांच्याकडे होतो. तो उचलायचा खर्च ज्यानं खोकं आत आणलं त्यानं आधीच द्यायचा. आधी नाव नोंदवायचं, मग तिथल्या कचऱ्याची व्यवस्था बघणाऱ्या एखाद्या कंपनीशी करार करायचा, आणि वर्षात पुठ्ठा किती, प्लास्टिक किती, कागद किती ते वजन सांगायचं." मी म्हटलं, "पण माझी खोकी तर वापरलेलीच असतात. आंब्याच्या रसाच्या डब्यांची खोकी आणते मी इंडियन दुकानातून. ती एकदा मोजली असतील ना कुणीतरी?" मला खरंच वाटत होतं की जुन्या खोक्याचं पाप माझ्या माथी नाही. नवं खोकं विकत घेऊन पाठवणारी बाई उधळी, मी काटकसरी, असाच माझा हिशेब होता. देवदत्त हसायला लागले. "जर्मनीत कोणी मोजलंय? ते खोकं रत्नागिरीहून इथे आलं, इथून ब्रेमेनला गेलं. जर्मनीच्या दृष्टीने ते नवंच." कपाळ माझं! मग ते म्हणाले, "हे बघ, उगाच डोक्याला ताप नको. जर्मनी सोडून दे. सिंगापूरला विक." हे त्यांचं नेहमीचं. वीस वर्षांत ह्या देशातला प्रत्येक कागद त्यांनी भरला, मी शेजारी बसून सहीचा शिक्का मारायचा तेवढा मारला, आणि जो कागद त्यांना कंटाळवाणा वाटला ती गोष्ट आमच्या आयुष्यातून गेली. मी म्हटलं, "सोडणार नाही." ते चष्म्यावरून बघत राहिले. "मग तुलाच करावं लागेल. नोंदणी ज्याची त्यानंच करायची, दुसऱ्याकडून करून घेतलेली चालत नाही, असं लिहिलंय त्यांनी."

मी करायला बसले तेव्हा पुठ्ठ्याचं जमलं, चिकटपट्टीचं जमलं, पातळ जपानी कागद मी आत गुंडाळते त्याचंही जमलं. घोडं अडलं ते खणापाशी. माझी प्रत्येक गोधडी मी खणात बांधून पाठवते, चारी टोकं वर घेऊन गाठ मारते, आणि मग कागद, मग खोकं. माझ्या वडिलांचं इचलकरंजीत साड्यांचं दुकान होतं. बाबांनी गिऱ्हाइकाच्या हातात साडी कधी उघडी दिली नाही. आत खण, वर खोकं, वर सुतळी, आणि त्या सुतळीची गाठ अशी, की बाईला घरी जाऊन ती दातानेच सोडावी लागायची. "सोडताना तिला जरा वेळ लागला पाहिजे सुहास," ते म्हणायचे, "तेवढ्या वेळात साडी तिची होते." मला लहानपणी ह्याचं फार नवल वाटायचं. मी गिऱ्हाइकांच्या मागे मनाने त्यांच्या घरापर्यंत जायची. ही आता पायरी चढली, हिनं आता खोकं पलंगावर ठेवलं, सासूला दाखवू की नको असा विचार केला. आणि मग खणाचं काय झालं? त्याचं पोलकं शिवलं, की कपाटात ठेवला, की दुसऱ्या कुणाच्या ओटीत घातला? आपल्याकडे खण असे पुढे पुढे जात राहतात, हळदीकुंकवाला आलेला खण पुढच्या हळदीकुंकवात जातो, आणि एखादा फिरून परत आपल्याच घरी येतो, त्यालाही आपण ओळखत नाही. ओजिमात सुद्धा तेच चालू आहे. माझ्या पेटीत साठलेल्या खणांना जायला जागा नव्हती म्हणूनच तर मी ते जर्मनीला घालायला लागले, हेही खरं, पण आता ते माझ्या गोधडीचंच अंग झालं होतं. पेटीतले तेव्हाच संपले, हल्ली तर मी इचलकरंजीहून मुद्दाम मागवते.

नियमात एक वाक्य होतं, ते माझ्या डोक्यातून जाईना. वेष्टन म्हणजे काय, तर जे माल पोचवण्यासाठी त्याच्याभोवती असतं आणि घेणाऱ्याच्या घरी जे साधारणपणे कचरा होतं. साधारणपणे! आता ब्रेमेनची बाई खण साधारणपणे टाकते की ठेवते, हे मला कसं कळणार? टाकत असेल तर वेष्टन, वजनात धरायचा. ठेवत असेल तर वस्तू, धरायचा नाही. देवदत्तांना विचारलं तर म्हणाले, "अगं सोपं आहे, खण बांधू नकोस, बाजूला घडी करून ठेव. भेटवस्तू म्हण. खण स्कोपच्या बाहेर गेला." मला त्यांच्या हुशारीचा राग आला. चूक नव्हतीच त्यात, पण माझ्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं. मला पळवाट नको होती, मला खरंच बघायचं होतं की त्या खणाचं होतं काय. मी ते वाक्य घेऊन घरभर फिरले. इथे आलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मोरिता-सानांनी माझी कचऱ्याची पिशवी परत माझ्या दाराशी आणून ठेवली होती, उघडून, नीट लावून: हे जाळायचं, हे धुऊन द्यायचं, हे आज नाही. मी शरमेनं लाल झाले होते. पण त्या शरमेच्या आतून एक कुतूहलही होतं, की ह्या बाईनं माझ्या घरातलं टाकलेलं सगळं बघितलं, आता हिला माझ्याबद्दल काय काय कळलं असेल. तेव्हापासून मला लोकांच्या कचऱ्याच्या पिशव्यांकडे बघायची खोड लागली आहे. पण जर्मनीतल्या पिशव्या मला दिसत नाहीत. हाइकेला लिहून विचारावं, तर ती भली बाई म्हणेल, जपून ठेवते. सगळेच असं म्हणतात. मीही म्हणते.

आणि मग मला सुचलं की माझं पार्सल उघडणारं एक माणूस मला प्रत्यक्ष बघता येईल. माझी मुलगी राधिका क्योतोला असते, तिथल्या विद्यापीठात पीएच.डी. करते, मातीतल्या कसल्याशा बुरशीवर. तिला मी दर थोड्या दिवसांनी पार्सल पाठवते. चिवडा, मेतकूट, कधी शेंगदाण्याची चटणी, आणि प्रत्येक डबा खणात बांधून, ह्याच गाठीत. इतकी वर्षं पाठवते आणि मला माहीतच नाही, की ते उघडल्यावर काय होतं. ती "थँक्यू आई, मिळालं" एवढं लिहिते, कधी दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्यानं. म्हटलं जाऊन यावं. मी घरातली एक गोधडी घेतली, न विकलेली, आणि अगदी जर्मनीला बांधते तशी बांधली, खण, कागद, खोकं, चिकटपट्टी. देवदत्त म्हणाले, "पोस्टानं पाठव ना, तू कशाला ओझं नेतेस?" मी म्हटलं, "मला उघडताना बघायचंय." नियमावलीत नसलेल्या गोष्टींवर ते वाद घालत नाहीत. शिनकान्सेनमध्ये, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनमध्ये, मी खोकं मांडीवर धरून बसले. शेजारचा तरुण बेन्तो, विकतचा जेवणाचा डबा, उघडत होता. कागदी पट्टी काढली, झाकण काढलं, चॉपस्टिकची पिशवी फाडली, सॉसची इवलीशी पुडी फाडली, आणि खाऊन झाल्यावर सगळं पुन्हा त्या डब्यात भरून वर तीच पट्टी चढवली, इतकी नीट, की कोणी म्हणालं असतं, अजून उघडलेला नाही. जेवणाला लागला नाही तेवढा वेळ त्याला आवरायला लागला. मी त्याच्याकडे इतकं टक लावून बघत होते, की शेवटी त्याला अवघडल्यासारखं झालं आणि तो खिडकीकडे वळला.

राधिकाची खोली लहान आहे. एक पलंग, एक बुटकं टेबल, पुस्तकांची चळत, आणि दाराशी कचऱ्याच्या पिशव्या अडकवलेल्या. क्योतोत कचऱ्याची पिशवीसुद्धा महापालिकेची विकत घ्यावी लागते. मी दाराशी पोचून फोन केला तशी ती सायकलवरून विद्यापीठातून आली, धापा टाकत, "आई, अशी अचानक? सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "सगळं ठीक आहे, तू आधी हे उघड." तिनं खोक्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा जरा उतरला. मी बघितलं ते. क्षणभरच, पण बघायला म्हणूनच आले होते, माझ्या नजरेतून कसं सुटेल? "नंतर उघडते ना," ती म्हणाली, "आधी चहा करते." मी म्हटलं, "आत्ता." तिनं चिकटपट्टी एका दमात ओढून काढली. कागद काढला, चुरगाळला, एका पिशवीत. चिकटपट्टी दुसऱ्या पिशवीत. खोकं पायाखाली दाबून सपाट केलं, दाराशी टेकवलं. मग खणाची गाठ. बाबांची ती गाठ तिनं नखानं अशी सहज सोडली, की मी थक्क झाले. हिला तर ही रोजचीच होती. गोधडी न बघता बाजूला ठेवली, खण उचलला, हात पिशवीकडे गेला आणि तिथेच थांबला. तिला आठवलं की मी समोर आहे.

"तो कुठे जातो?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"खण. मी इतके पाठवले. ते कुठे आहेत?"

तिनं खणाची घडी घातली. मग म्हणाली, "जुन्या कपड्यांत जातात, आई. तू रागावशील म्हणून सांगितलं नाही. आधी ठेवायचे. मग ड्रॉवर भरला. मग दुसरा भरला. एवढीशी खोली आहे, शोगानाई ना, दुसरं काय करणार?" मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच वाईट वाटलं. पण ती थांबली नव्हती. "तुला खरं सांगू? तुझं पार्सल आलं की मी चार-चार दिवस उघडत नाही. उघडलं की तो खण टाकावा लागणार. टाकताना वाटतं, आईनं एवढा जपून बांधला, आणि आपण बघ. चिवडा खातानासुद्धा तेच डोक्यात. कधी तर उघडेपर्यंत सादळतो, मग तोही जातो." आणि ती एकदम रडायलाच लागली. सव्वीस वर्षांची पोर, बुरशीवर पीएच.डी. करणारी, हातात खण धरून रडते आहे. मी तिला जवळ घेतलं नाही. माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही: मी विचार करत होते, म्हणजे हाइकेसुद्धा? म्हणजे ब्रेमेनला, आणि तिथल्या सगळ्या गावांत, माझ्या गोधड्या घेणाऱ्या बायका स्वयंपाकघरात अशाच उभ्या राहतात, हातात खण घेऊन? मी समजत होते मी त्यांना काहीतरी देते आहे. मी त्यांना एक काम देत होते. टाकायचं काम, आणि वर टाकल्याचं वाईट वाटायचं काम. देवदत्त म्हणाले होते ते मला आत्ता समजलं: ज्यानं पाठवलं त्यानं टाकण्याचं आधीच बघायचं. मला हा कायदा आत्तापर्यंत कद्रूपणाचा वाटत होता. आता वाटलं, ज्या कोणी हा केला त्याच्या घरी माझ्यासारखी कोणीतरी असणार.

"तुझा लॅपटॉप दे," मी म्हटलं.

ती नाक पुसत म्हणाली, "कशाला?" मी सगळं सांगितलं, जर्मनी बंद झाल्यापासून. ऐकता ऐकता तिचं रडं थांबलं आणि तिचे डोळे माझ्यासारखे झाले. "थांब, मी भरून देते," ती म्हणाली. "तू नाही," मी म्हटलं, "ज्याची त्यानंच करायची असते." त्या बुटक्या टेबलाशी मांडी घालून मी नाव घातलं, ओजिमाचा पत्ता घातला, दुकानाचं नाव घातलं. एका जागी अडले तेव्हा तिनं तोंड उघडलं आणि मी हात वर केला, तशी गप्प बसली. नोंदणी झाली, क्रमांक आला. इतक्या सहज आला की मला उगाच फसल्यासारखं वाटलं. मग कचऱ्याच्या कंपनीशी करायच्या करारासाठी वजन. तिच्याकडे कॉफी मोजायचा काटा होता. आम्ही मगाशी टाकलेलं सगळं पिशव्यांतून परत काढलं, ती हसायला लागली, "आई, शेजाऱ्यांनी बघितलं तर काय म्हणतील?" कागद काट्यावर ठेवला, पट्टीचा गोळा ठेवला, खोक्याचा पुठ्ठा मावेना तर त्याची चौघडी केली. वर्षभरात साधारण किती पार्सलं जातात ते मला तोंडपाठ होतं. शेवटी खण राहिला. तो अजून तिच्या हातातच होता. मी हात पुढे केला, तिनं दिला, आणि मी तो काट्यावर ठेवला. जर्मन कंपनीच्या यादीत काच होती, कागद होता, पत्रा होता, प्लास्टिक होतं, आणि सगळ्यात खाली "इतर". खण मी "इतर"मध्ये घातला. बाबा असते तर त्यांना काय वाटलं असतं, हा विचार आला, पण त्यांना बहुधा गंमतच वाटली असती. गिऱ्हाइकाचं ते कधी वाईट वाटून घेत नसत.

"म्हणजे आता तू खण बांधणार नाहीस?" राधिकानं विचारलं.

"बांधणार. न बांधायला काय झालं? फक्त तो टाकायचा आहे असं धरून बांधणार. हाइकेला तसं चिठ्ठीत लिहीन. आणि तुलाही सांगते, तुला मी पाठवते तेही टाकायचं धरूनच पाठवते. मी ते मोजलंय. तू टाक."

तिनं माझ्याकडे बघितलं, खरं बोलते आहे की चिडून बोलते आहे ते ताडत होती. मग खण काट्यावरून उचलला आणि जुन्या कपड्यांच्या पिशवीत टाकला. मन घट्ट करून नव्हे, सहज, केळ्याची साल टाकावी तसा. टाकून झाल्यावर तिला पुढे काय करावं ते सुचेना. हात मोकळे झाले होते. मी वेबसाइटवर क्रमांक भरत होते, उद्या ओजिमाला परत गेल्या गेल्या ब्रेमेनचं पार्सल पोस्टात टाकायचं मनात होतं, आणि तिनं मघापासून बाजूला पडलेली गोधडी मांडीवर ओढली. उलगडली. एका बाजूनं, मग उलटून दुसऱ्या बाजूनं. टाक्यांवरून बोट फिरवत गेली आणि एका जागी बोट थांबलं.

"आई, हे बाकीचं सगळं किमोनोचं आहे. हा हिरवा तुकडा नाहीये. हा कशाचा आहे?"

कित्येक वर्षांत तिनं मला, मी पाठवलेल्या कुठल्याच गोष्टीबद्दल, काही विचारलं नव्हतं.

"सांगते," मी म्हटलं, आणि लॅपटॉप मिटला.